शेवटचा हत्ती आणि टिळा लावलेले प्यादे

हरत आलेल्या माणसाला ‘उठा आता’ असे सांगण्याचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

हा प्रश्न मी पुण्यात जिथे जिथे बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसला तिथे तिथे विचारला आहे. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळाले: तू आधी खाली बस, मागच्यांना दिसत नाही. ठीक आहे. आता लिहून विचारतो.

आमच्या घरी पोथ्यांपेक्षा खंडनपत्रांचा ढीग मोठा होता. एका शास्त्र्याने दुसऱ्याचे मत खोडायचे, दुसऱ्याने पहिल्याचे, आणि माझ्या वडिलांनी दोघांच्याही नकला करून गावभर पोचवायच्या. मी अक्षरे त्या पत्रांवरच गिरवली. म्हणून माझ्या लिहिण्यात भांडण येते. ते वाचकांनी चालवून घ्यावे. हे लिहिणे मात्र भांडणासाठी नाही. ते माझ्या मामांसाठी आहे.

मामा एका सरदाराच्या पदरी होते. काम एकच. सरदार पुण्यात असले की दुपारी त्यांच्याशी किंवा त्यांच्या पाहुण्यांशी बुद्धिबळे खेळायची. त्याबद्दल धान्य मिळे, वर्षाची वस्त्रे मिळत, आणि पागेच्या मागे राहायला दोन खोल्या होत्या. मामा-मामी कोकणातून भावाशी बिनसल्यावर निघून आले होते. मामी एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या होत्या, “उपाशी राहीन, पण दिराच्या दारात पुन्हा उभी राहणार नाही.” त्या असे एकदाच बोलल्या, म्हणून ते माझ्या लक्षात राहिले.

मामांचा खेळ सरदारांना आवडत नसे. सरदारांना चढाई हवी. घोडे उधळलेले, वजीर शत्रूच्या घरात घुसलेला, आणि शेवटी जमलीच तर प्यादीमात. साध्या शिपायाने राजाला मारायचे, यापेक्षा मोठा मान आपल्या खेळात नाही. मामा यातले काहीच करत नसत. ते राखत. कोंडीत सापडत, एखादे मोहरे गमावत, आणि मग तिथेच ठाण मांडून बसत.

“पंत,” सरदार एकदा भर बैठकीत म्हणाले, “तुमचा डाव बघायचा म्हणजे आधी घरून झोप काढून यावं लागतं.”

“इथंच झोपावं, सरकार,” मामा म्हणाले. “जागे व्हाल तेव्हा मी असेनच.”

लोक हसले. सरदारही हसले. पण ते वाक्य सरदारांच्या मनात राहिले असावे.

मामा सराव करत तो कसब्यातल्या एका म्हाताऱ्या कातारी चाचांकडे. चाचा लाकडाची आणि हस्तिदंताची खेळणी, हुक्क्याच्या नळ्या, बुद्धिबळाची मोहरी फिरत्या चरकावर कातून काढत. दुपारच्या नमाजानंतर त्यांचा चरक थोडा वेळ थांबे. तेवढ्यात दोघे पट मांडत. पण मांडण्याची रीत जगावेगळी. सगळी फौज समोरासमोर उभी करून ते कधी सुरुवात करत नसत. डाव जिथे इतर लोक सोडून देतात, तिथून हे सुरू करत. चाचांकडे हत्ती आणि दोन प्यादी, मामांकडे हत्ती आणि एक. कधी त्याहून वाईट. मामा नेहमी पडती बाजू घेत.

मी विचारले, “मामा, तुम्ही कधी बरी बाजू का घेत नाही?”

“बरी बाजू कोणालाही खेळता येते,” मामा म्हणाले.

“खोटं बोलतात तुझे मामा,” चाचा लाकडाचा भुसा झटकत म्हणाले. “मला ती रोज देतात आणि मी रोज घालवतो.”

तिथे मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे समजायला ते लागेल. पटावर हत्तीच उरले की राखणाऱ्याने आपला राजा शत्रूच्या प्याद्याच्या वाटेत आणून बसवायचा. हत्ती मात्र जवळ ठेवायचा नाही. मामा म्हणत, “प्याद्याच्या तोंडापुढं उभा केलेला हत्ती म्हणजे पहारेकरी. तो हलला की घर उघडं. तोच प्याद्याच्या पाठीमागं, लांब उभा कर. मग तो शिकारी.” लांबून शह देता येतो, जवळून दिला तर राजा एका पावलात अंगावर येतो. ही झाली मामांची साधी शिकवण. ती ऐकायला सोपी वाटते. हरत असताना आपलाच हत्ती आपल्या राजापासून लांब धाडणे किती अवघड, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट नियमाची. आपल्याकडे एका बाजूला नुसता राजा उरला, बाकी सगळे मेले, की डाव बुर्जी होतो. बुर्जी म्हणजे बरोबरी. जिंकायचे असेल तर शत्रूजवळ निदान एक तरी मोहरे जिवंत ठेवून मात करावी लागते. नागड्या राजाला मारण्यात कसला पराक्रम, असा त्यामागचा विचार. मला हा नियम फार आवडतो. तो करणारा माणूस कोणीतरी तत्त्वाचा असला पाहिजे.

एका वर्षी सरदारांकडे दक्षिणेतून एक तरुण पाहुणा आला. गोरा, नीटनेटका, बोलायला गोड, आणि खेळायला वाघ. त्याने आठवड्याभरात सरदारांच्या ओळखीच्या सगळ्यांना झोपवले. सरदार खूश झाले. मग एके सकाळी त्यांनी मामांना बोलावून सांगितले, “पंत, उद्या दुपारी तुमचा आणि यांचा एक डाव. यांनी हरवलं तर पट यांचा. नाही हरवलं तर तुमचा.”

पट यांचा, म्हणजे खोल्याही यांच्या. ते बोलून दाखवायची गरज नव्हती. मामींनी त्या संध्याकाळी दोनदा भांडी घासली. पहिल्या खेपेला ती स्वच्छ झाली नव्हती असे नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत जागा उरली नव्हती. चाचाही आले होते, दाराशी बसले. डाव सुरू झाला आणि पाहुणा खरोखर सुंदर खेळला. त्याचे श्रेय मी कमी करणार नाही. मामांचा एक घोडा गेला, मग उंटाला उंट, वजिराला वजीर, आणि शेवटी पाहुण्याकडे हत्ती आणि दोन प्यादी, मामांकडे हत्ती आणि एकच प्यादे. पाहुण्याचे एक प्यादे पटाच्या कडेला होते. दुसरे मधल्या पट्टीत होते, आणि मामांचे एकुलते प्यादे नेमके त्याच्यापुढे आडवे उभे होते.

आता पाहुण्याला करायचे ते सरळ होते. कडेचे प्यादे एकेक घर चालवत न्यायचे. आपल्या रीतीत प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचते तेच मोहरे होते; कडेच्या शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा हत्ती होतो. मग दोन हत्ती मिळून मात करायला कितीसा वेळ? बैठकीतल्या प्रत्येकाला हे दिसत होते.

“पंत, उठा आता,” सरदार म्हणाले. आवाजात राग नव्हता. कंटाळा होता, आणि तो मला रागापेक्षा जास्त लागला.

“बसतो थोडा,” मामा म्हणाले, आणि त्यांनी हत्ती लांब, कडेच्या प्याद्यामागे नेऊन ठेवला.

लोणी काळभोरचा एक जमादार माझ्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, “हत्ती कुठं निघाला, पंत? गावाकडं जायाचं हाय काय? सांगा, बैलगाडी जोडतो.”

सगळे हसले. मी उठून काहीतरी बोलणार होतो. चाचांनी दारातूनच डोळ्यांनी मला बसवले.

तेव्हा पाहुण्याने ती गोष्ट केली, जी चढाईचे वेड असलेल्या आपल्याच लोकांच्या हातून होऊ शकते. सरदारांकडे वळून तो म्हणाला, “आज्ञा असेल तर नुसती मात नको. प्यादीमात करून दाखवतो.”

सरदार सावरून बसले. देवघरातून कुंकू आणवले. पाहुण्याने मधले प्यादे उचलले, त्याच्या माथ्यावर बोटाने टिळा लावला, आणि पुन्हा जागेवर ठेवले. टिळा लावणे म्हणजे बोलून दाखवणे: मात करीन ती याच प्याद्याने. दुसऱ्या कशाने केली तर ती हार धरायची. बैठकीत एक सुखाचा हुंकार उमटला. कडेच्या प्याद्याकडे आता कोणाचे लक्ष उरले नाही. पाहुण्याचेही नाही. त्याला टिळेवाल्या प्याद्याची वाट मोकळी हवी होती, आणि त्या वाटेत मामांचे शेवटचे प्यादे उभे होते. मामांचा राजा त्याला जोर देऊन शेजारीच उभा होता.

मामांनी पटाकडे बराच वेळ पाहिले. मग राजा उचलला आणि एक घर बाजूला नेला.

“अहो पंत, प्यादं उघडं पडलं,” कोणीतरी न राहवून म्हणाले.

“असू दे,” मामा म्हणाले.

पाहुणा क्षणभर थबकला. तो काही कच्चा खेळाडू नव्हता. त्याने मान वर करून मामांकडे पाहिले, मग टिळ्याकडे, मग सरदारांकडे. सरदार पुढे झुकले होते. त्याने हत्तीने मामांचे प्यादे मारले.

आता मामांकडे राजा आणि एक हत्ती. मामांनी तो हत्ती उचलला, पटाच्या एका टोकापासून थेट दुसऱ्या बाजूला आणला आणि पाहुण्याच्या राजाच्या अगदी शेजारच्या घरात ठेवला. उघड्यावर. जोर कशाचाच नाही.

“शह,” मामा म्हणाले.

“वेड लागलं,” जमादार पुटपुटला.

“घ्या की तो हत्ती,” सरदार म्हणाले.

पाहुण्याचा हात पुढे आला आणि मोहऱ्यावरच थांबला. “घेता येत नाही, सरकार,” तो हळू म्हणाला. “हा घेतला तर यांचा नुसता राजा उरतो. बुर्जी होते.”

त्याने राजा बाजूला नेला. मामांचा हत्ती मागोमाग गेला आणि पुन्हा शेजारी जाऊन बसला. शह. राजा खाली आला. हत्ती खाली आला. शह. राजा टिळेवाल्या प्याद्याच्या आडोशाला जाऊ लागला, तर मामांनी हत्ती बाजूने आणून तिथेही शह दिला. पाहुण्याला स्वतःची एकही खेळी करायला उसंत मिळेना. टिळा लावलेले प्यादे नवरदेवासारखे नटून उभे होते आणि वरात काही निघत नव्हती.

आधी बैठकीत कुजबुज होती. मग ती थांबली. मग जमादार एकटाच मोठ्याने हसला, आणि आपल्या मांडीवर थाप मारून म्हणाला, “हत्ती गावाकडं न्हाई, सासरी निघाला की.”

शेवटी पाहुण्याने हात जोडल्यासारखे केले, आपल्या राजाने तो हत्ती उचलला आणि स्वतःच म्हणाला, “बुर्जी.”

सरदारांना ते पचायला वेळ लागला. “हा काय डाव झाला? कोणीच जिंकलं नाही.”

“अट हरवण्याची होती, सरकार,” मामा म्हणाले.

सरदारांनी मामांकडे पाहिले. मग त्यांनी पानाचे तबक मामांपुढे सरकवले. ते रोज सरकवत त्याच बोटाने, त्याच बेताने. पट मामांचाच राहिला. मामींना निरोप सांगायला मी निघालो, तर त्या पागेच्या कोपऱ्यावरच उभ्या होत्या. मी म्हणालो, “बुर्जी.” त्यांना बुद्धिबळातले काही कळत नसे. त्यांनी माझा चेहरा वाचला आणि आत जाऊन चुलीवर पाणी ठेवले.

मी परत आलो तेव्हा बैठक रिकामी होत होती. मी मामांना विचारले, “प्यादं मुद्दाम दिलंत?”

“त्याला ते हवंच होतं,” मामा म्हणाले. “टिळा लावल्यावर माणसाला वाट मोकळी लागते. आणि प्यादं असेपर्यंत माझा हत्ती मरायला भीत होता. मागं कोणी उरलं नाही, तेव्हा तो मोकळा झाला.”

“आणि त्यानं प्यादं मारलंच नसतं तर? कडेचंच चालवलं असतं तर?”

“तर हरलो असतो,” मामा सहज म्हणाले. “पण बसून.”

पोवाडे चढाई करणाऱ्यांचे होतात. त्याला माझी हरकत नाही; मीही ते ऐकतो, माझ्याही अंगावर काटा येतो. पण महिनोन्महिने वेढ्यात बसून कोंडा खाऊन दरवाजा राखणाऱ्याला आपण काय देतो? ‘उठा आता’ एवढेच. मी मामांइतका धीट माणूस पाहिला नाही, आणि त्यांनी आयुष्यात कोणावर हात उगारल्याचे मला आठवत नाही.

एक सांगायचे राहिले. मी मामांशी बोलत होतो तेव्हा पाहुणा अजून पटाशीच होता. त्याने उपरण्याच्या टोकाने प्याद्यावरचा टिळा पुसला. हस्तिदंतावर थोडा लाल डाग राहिलाच. चाचा नंतर तो पाहून करवादले. मग पाहुण्याने मोहरी पुन्हा मांडली, मामांनी राजा बाजूला नेला त्याच्या आधीच्या क्षणासारखी, आणि पट अर्धा फिरवला.

“पंत,” तो म्हणाला, “तुम्ही माझ्या बाजूनं खेळा. मला तुमची बाजू द्या.”

मामा लगेच बसले. चाचाही दारातून उठून जवळ आले.

वाचकहो, तुमच्याकडून मला एवढेच हवे आहे. आज घरी पट मांडा. सगळी फौज मांडू नका. दोन राजे, दोन हत्ती, एकाला दोन प्यादी, दुसऱ्याला एक, एवढेच ठेवा. बरी बाजू समोरच्याला द्या आणि पडत्या बाजूला तुम्ही बसा. कोणी पाठीमागून ‘उठा आता’ म्हणाले, तर त्याला जागा करून द्या आणि आपल्या शेजारी बसवून घ्या.