खोली नंबर चार

जूचंद्रच्या चाळीतलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. सरकारी कचेऱ्यांत नुकते कॉम्प्युटर आले होते तेव्हाची ही गोष्ट. आमचा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता आणि मी वसई तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात तपासाचं काम पाहत होतो. नावं कोणाचीच सांगणार नाही.

सकाळची हजेरी संपता संपता फोन आला. चाळीतल्या एका खोलीत बाईचा खून झाला होता. बाई सोलापूरकडची, तिशीच्या आतली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून लहान मुलीला घेऊन पळून आलेली. वसई पूर्वेला एका गाळ्यात पॅकिंगचं काम करायची. मुलगी त्या वेळी शाळेत होती, एवढंच काय ते बरं.

पंचनामा चालू असतानाच नायगावच्या रिक्षा स्टँडवरून खबर मिळाली. ओल्या बाह्यांचा एक परका माणूस घाईने स्टेशनला गेला होता. वर्णन नवऱ्याशी जुळत होतं. आम्ही त्याच्या गावी पोचलो तेव्हा तो ओट्यावर बसलेला होता. पळायचा प्रयत्नही केला नाही. "चला," एवढंच म्हणाला.

खून त्याने लगेच कबूल केला. मी विचारलं, "तिचा पत्ता तुला कोणी दिला?"

"मेव्हण्यानं."

मेव्हणा म्हणजे मेलेल्या बाईचा भाऊ. त्यानेच तिला इकडे आणून ठेवलं होतं, आणि माहेरच्या माणसांत तिचा ठावठिकाणा फक्त त्यालाच माहीत होता. त्याला बोलावून घेतलं. खुनाच्या थोडे दिवस आधी तो गावाकडे जाऊन आला होता, हेही निघालं.

"साहेब, आईला बघायला गेलो होतो. तिच्या नवऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही मी," तो पुन्हापुन्हा सांगत राहिला. खोटं बोलणारा माणूस सहसा प्रत्येक वेळी काहीतरी नवीन जोडतो. हा काहीच जोडत नव्हता. पण तेवढ्यावर माणूस सुटत नाही. कटाचं कलम लागलं, वरून आदेश आला आणि त्याला अटक झाली.

त्याची म्हातारी आई ठाण्यात आली. कोठडीसमोर उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. "तिचा पत्ता एकट्या तुलाच ठाऊक होता," एवढं बोलली आणि निघून गेली. त्यानंतर तो जेवेना.

घरमालकीण जूचंद्रचीच, जुन्या घरातली बाई. तिचा पुरवणी जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

"तो मानूस आयला, पानी मांगला, मी दिला. मंग इचारला, चार नंबरची खोली कुठली. मीनी बोट दाखवला."

"चार नंबर म्हणाला? नक्की?"

"हां. मनाच इचार करायला लागला, चार कुठली ती. आमी नंबर कवा बोलतच नाय, सायेब."

कुठल्याच दारावर आकडा नव्हता. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "डोंगराकडची शेवटची खोली." नंबर त्याला ठाऊकच नव्हता.

मी पुन्हा घरमालकिणीकडे गेलो. "मावशी, हा चार नंबर तुम्ही कधी कोणाला सांगितला होता का?"

तिने आठवून पाहिलं. "तिलाच. रेशनकार्डाला पायजे व्हता. पोरीच्या शालेत कार्ड मांगत व्हते ना. सगला कम्पुटरवर होतंय म्हनं, गावाला जायला नको. लय खुश व्हती."

तिथून मी थेट पुरवठ्याच्या कचेरीत गेलो. पूर्वी जुन्या गावातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागे. त्यासाठी तिला नवऱ्याच्या दारात जावं लागलं असतं. आता तो त्रास नको म्हणून एक कचेरी दुसरीला परस्पर कळवत होती, नव्या पत्त्यासकट. कॉम्प्युटरवरच्या मुलाने अभिमानाने सांगितलं, "लोकांचा हेलपाटा वाचतो, साहेब."

तिच्या सासरच्या गावातल्या रेशन दुकानदाराकडे हवालदार पाठवला. दुकानदाराने काही लपवलं नाही. रॉकेल घ्यायला आलेल्या नवऱ्याला तो सहज म्हणाला होता, "तुझ्या बायकोचं नाव कटलं की. वसईकडं गेलंय." नवऱ्याने पत्ता विचारला आणि त्याने वाचून दाखवला.

मी नवऱ्याला समोर बसवलं. "मेव्हण्याचं नाव का घेतलंस?"

"त्यानंच तिला माझ्या घरातून नेली. तो कसा सुखात राहील?"

भावाला सोडण्याचा अहवाल मी कोर्टाला पाठवला. पण तोवर मुलीचा प्रश्न निकालात निघाला होता. तिचा बाप तुरुंगात, मामा आरोपी, आणि आईचं नाव हललं तरी तिचं स्वतःचं अजून बापाच्याच कार्डावर. तिला बापाच्या आईवडिलांच्या ताब्यात दिलं गेलं. सुटल्यावर भाऊ पहिल्यांदा तिकडेच गेला. त्यांनी त्याला अंगणातही येऊ दिलं नाही.

त्याच्या आईला मी स्वतः समजावलं. कचेरी, कॉम्प्युटर, दुकानदार, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "सरकार कशाला सांगंल तिचा पत्ता?" ती म्हणाली. शेवटपर्यंत तिने मुलाला घरात घेतलं नाही. पुढे हा भाग सोडून तो कुठे गेला, ते मला कळलं नाही.

नवऱ्याला जन्मठेप झाली. कागदोपत्री तपास यशस्वी ठरला. पण ज्यांनी पत्ता पुढे पाठवला, त्यांतल्या एकावरही लावता येईल असं कलम मला सापडलं नाही, कारण प्रत्येकाने आपलं काम नीट केलं होतं. अशा बायकांचे पत्ते पुढे कळवू नयेत असं मी वरिष्ठांना लिहून दिलं. तशी तरतूद नसल्याचं उत्तर आलं. वाईट माणूस शोधून काढायचं शिक्षण मला मिळालं होतं. या प्रकरणात तो एकच होता, आणि बाकी सगळ्या चांगल्या माणसांनी त्याला तिच्या दारापर्यंत आणून सोडलं होतं.

पुढे आमच्या ठाण्यातही फिर्यादी कॉम्प्युटरवर घेऊ लागले. एकदा नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला एक बाई आली. ओठ फाटलेला होता. सगळं सांगून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "साहेब, आता राहते तिथला पत्ता द्यायलाच हवा का?"

मी शिपायाला म्हणालो, "तेवढा रकाना सोड."

त्याने दोनदा करून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

बाई माझ्याकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने पत्ता सांगितला.