शेवटची ओव्हर कुणाला द्यायची

मिरजेहून आम्ही दुसऱ्यांदा निघालो तेव्हा सासूबाई दारापर्यंतही आल्या नाहीत. पहिल्या वेळी अख्खी गल्ली जमली होती. सुमोच्या टपावर बॅगा, माझ्या मांडीवर लोणच्याची बरणी, आणि खिडकीत तोंड घालून आईंचं चाललेलं, "शिरीष, तुझं बस्तान बसलं की धाकट्यालाही बोलावून घे रे. इथं काय ठेवलंय त्याला?" दुसऱ्या वेळी त्याच धाकट्याचे दिवस उरकून आम्ही परत चाललो होतो. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. शिरीष उंबऱ्यातून म्हणाला, "आई, येतो." आतून आवाज आला, "ये." बस, एवढंच.

तुमच्यापैकी जे तिकडे मागे राहिलात आणि जे आमच्यासारखे उठून कुठंकुठं जाऊन पडलात, त्या सगळ्यांना हे सांगायचंय. आधीच बजावते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. एका कंपनीत अकाउंट्स बघते, आणि आकडा जुळला नाही तर तो कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही हे सांगतेय, म्हणजे काहीतरी असेल ना!

नितीन माझा धाकटा दीर. इंजिनिअर होऊन एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, सिंगापूरला आला आणि आमच्याच टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये राहिला. सार्सच्या वर्षी आम्ही तिघं घरात कोंडल्यासारखे बसून पत्ते कुटायचो, तेव्हा तो इतका लबाडी करायचा की मी पत्ते फेकून उठायची. साथ सरली. पुढच्या जूनमध्ये तोआ पायोहच्या ऑफिसात जेवण झाल्यावर तो खुर्चीत बसला तो उठलाच नाही. हृदय थांबलं म्हणाले. तिशीही गाठली नव्हती. आई फोनवर म्हणाल्या, "मला त्याला तसं बघवणार नाही, तिथंच करा काय ते." मंडाईच्या स्मशानात अग्नी दिला आणि अस्थी घेऊन आम्ही मिरजेला गेलो.

आता क्रिकेटचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथल्या मराठी मंडळींची एक टीम होती. शिरीष कॅप्टन आणि नितीन आमचा शेवटच्या ओव्हरचा बोलर. मॅच कितीही हातातून निसटत असू दे, शेवटच्या ओव्हरला तो मिडऑफवरून चालत यायचा आणि तोंडातून अवाक्षर न काढता हात पुढे करायचा. शिरीष त्या हातावर बॉल ठेवायचा. मग समोरचा बॅट्समन कितीही तालेवार असला तरी त्याची बॅट जमिनीवरच आपटत राहायची. बाकीचे बोलर म्हणजे नुसते भरतीचे! सुरुवातीला नीट टाकायचे आणि शेवटाकडे हात-पाय गाळायचे.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मी वरच्या पायरीवर उभी होते. कावळे होते, भरपूर होते, पण लांब बसून नुसते बघत होते. काका पुढे होऊन म्हणाले, "आईचं आम्ही बघू रे, काळजी करू नकोस." कावळा हलला नाही. चुलतभाऊ म्हणाला, "तुझं लोन आम्ही फेडू." नाही. ऊन वर चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेवढ्यात शिरीष पिंडाजवळ वाकून काहीतरी पुटपुटला, आणि तो मागं सरतोय तोच कावळा उतरला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. परतीच्या विमानात मी विचारलं, काय म्हणालास? तो म्हणाला, "तुझी शेवटची ओव्हर दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं म्हटलं."

मी म्हटलं, चला, सुटलो. कपाळ माझं! सुटलो कसले, तिथंच अडकलो.

उरलेल्या सीझनमध्ये शेवटची ओव्हर शिरीष स्वतः टाकायला लागला. शिरीष आणि बोलिंग! त्याच्या बॉलवर आमच्या सोसायटीतल्या आज्यांनीसुद्धा सिक्स मारली असती. एकामागून एक मॅच गेली. ऑगस्टमध्ये चिनी लोकांचा सातवा महिना, म्हणजे आपल्या पितृपक्षासारखा, लागला, खालच्या मैदानात तंबू पडला, गाणीबजावणी सुरू झाली. पुढची खुर्च्यांची रांग रिकामी दिसली म्हणून शिरीष बसायला गेला, तर शेजारच्या आंटीने त्याचा दंड धरला. "नॉट फॉर यू लाह. फॉर गुड ब्रदर." या महिन्यात जे फिरतीवर असतात त्यांना ती नावाने हाक मारत नाही, गुड ब्रदर म्हणते. शिरीष त्या रिकाम्या रांगेकडे बघत राहिला. पुढच्या मॅचला त्याने शेवटच्या ओव्हरसाठी फील्डिंग लावली आणि मिडऑफला कुणालाच उभं केलं नाही. मी बाउंड्रीबाहेर मिसळीचा डबा उघडत होते. हातातला चमचा तसाच राहिला.

नोव्हेंबरपासून इथं पाऊस लागतो आणि मैदानं तळी होतात. तेव्हा आमच्याकडे माणसं गोळा करायचा सीझन असतो. दिवाळीनंतर पुण्यामुंबईहून नवीन पोरं येतात, आणि चार मराठी टीम त्यांच्यावर गिधाडासारख्या टपून असतात. एक टीम कॉन्डोचा स्विमिंग पूल दाखवते, दुसरी पीआरचा, म्हणजे इथं कायमचं राहायचा, अर्ज कसा करायचा ते शिकवते. आमच्याकडे मी होते. पोरगं पीजीत राहतंय आणि नूडल्स खाऊन कंटाळलंय असं कळलं की शिरीष त्याला रविवारी जेवायला आणायचा. माझ्या मिसळीवर दोन बॅट्समन आणि एक विकेटकीपर आले होते, उगाच नाही सांगत. पण त्या वर्षी गरज होती बोलरची, तीही शेवटी टाकणाऱ्याची. व्हाइस कॅप्टन देशपांडे सगळ्यांसमोर म्हणाले, "शिरीष, बोलर आण, नाहीतर कॅप्टनशिप सोड." त्यांचंही चुकलं नव्हतं.

मला मॅचशी काही देणंघेणं नव्हतं हो. मला माझा नवरा परत हवा होता. तो रडला नव्हता. ना मंडाईला, ना घाटावर. ऑफिसातून यायचा, नितीनच्या खोलीचा दिवा लावायचा, बंद करायचा आणि जेवायला बसायचा. तिकडे जाऊन आईंजवळ राहू या म्हटलं तर म्हणायचा, "त्याला इथं टाकून?"

जानेवारीत ठाण्याचा रोहन मिळाला. उंच, दणकट, यॉर्कर टाकणारा. सरावाची मॅच होती, शिरीष ऑफिसात अडकला होता, म्हणून देशपांड्यांनी शेवटची ओव्हर रोहनला दिली. तो धावत आला आणि मध्येच थांबला. पुन्हा मागे गेला, धावत आला, थांबला. मग कंबर दुखते म्हणून बॉल टाकून चालता झाला. मी पोहे वाढत होते तिथं येऊन बसला आणि मला म्हणाला, "वहिनी, तो मिडऑफचा भाऊ कोण हो? सारखा हात पुढे करून बॉल मागत होता. मी नवीन, म्हटलं देऊन टाकावा का?"

देशपांडे म्हणाले, "मिडऑफला कुणी नव्हतं. शिरीष आला नाही म्हणून आपण दहाच होतो."

रोहन हसला. मग आमची तोंडं बघून हसायचा थांबला. मी म्हटलं, कुणीतरी याला नितीनचं सांगितलं असणार. देशपांड्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या सिंगापूरला माहीत आहे. मी त्यांना बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं. ते बिचारे मुलांच्या शपथा घेऊ लागले. रोहन पुढच्या आठवड्यात कॉन्डोवाल्यांच्या टीममध्ये गेला.

मला वाटलं, शिरीष ऐकून हादरेल. तो खूश झाला! कित्येक महिन्यांनी मनापासून हसला. "बघ वृंदा, म्हणजे येतो तो," म्हणाला. त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी लंच टाइमला ऑफिसच्या जिन्यात बसून मी मिरजेला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. शब्द, कावळा, मिडऑफ, रोहन, सगळं. मग आई म्हणाल्या, "माझं तिकीट काढ."

ज्या बाईने आयुष्यात पुण्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं ती एकटी विमानात बसून आली. एअरपोर्टवर त्यांनी शिरीषला जवळ घेतलं नाही, रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "मॅच कधी आहे तुझी?"

सीझनची पहिलीच मॅच होती. मधल्या काळात नाशिकचा केदार आला होता. डावखुरा, अबोल, हाडाचा बोलर. पण शेवटची ओव्हर आली आणि शिरीषने बॉल स्वतःच्याच हातात ठेवला. मिडऑफची जागा मोकळी. आई बाउंड्रीबाहेर घडीच्या खुर्चीवर छत्री घेऊन बसल्या होत्या, पायात मी घेतलेले कॅनव्हासचे बूट. त्यांनी मला विचारलं, "तीच जागा का?" मी मान हलवली. त्यांनी छत्री मिटून माझ्या हातात दिली आणि त्या सरळ मैदानात चालायला लागल्या.

अंपायर तामीळ गृहस्थ होते. "मॅडम, मॅडम, प्लीज!" म्हणत पुढे आले आणि आईंचं तोंड बघून जागीच थबकले. शिरीष ओरडला, "आई, अगं मॅच चाललीय!"

"दिसतंय मला. बॉल त्या पोराला दे."

"मी शब्द दिलाय त्याला. पिंडापाशी दिलाय, आई."

"तू दिलास. मला विचारलं होतंस? तुझा भाऊ व्हायच्या आधी तो माझ्या पोटात होता. इकडे बोलावून घ्यायला मीच सांगितलं, आता मीच न्यायला आलेय."

मग त्या त्या मोकळ्या जागेकडे वळल्या. आवाज चढवला नाही, कापरा केला नाही. दिवेलागणीला कुठलीही आई मैदानाच्या कडेला उभी राहून बोलते तसं बोलल्या. "नित्या, पुरे झालं आता. हातपाय धू. चल जेवायला."

समोरची टीम पंजाबी पोरांची होती, त्यांना शब्द कळले नसणार, पण एकाने डोक्यावरची टोपी काढली. आई तशाच उभ्या राहिल्या. पोरगं आपली चप्पल शोधतंय, मित्रांना काहीतरी सांगतंय, तोवर थांबावं तशा थांबल्या. मग वळल्या आणि परत आल्या. उजवा हात अंगापासून जरा दूर, बोटं मिटलेली. आणि त्यांची चाल, देवा, ती चाल त्यांची नव्हती. माझी सासू तुरुतुरु चालणारी बाई. त्या दिवशी कुणाच्या तरी पावलाशी पाऊल जुळवत, मध्येमध्ये रेंगाळत, शेजारी खाली न बघता त्या चालत आल्या. खुर्चीशी आल्यावर बसल्या नाहीत. टॅक्सी करून द्यायला खुणेने सांगितलं.

तिकडे शिरीष पिचवर मांडी घालून बसला आणि ओक्साबोक्शी रडला. इतके महिने साचलेलं सगळं. केदारने हळूच त्याच्या हातातला बॉल काढून घेतला आणि ओव्हर टाकली. झकास टाकली. आणि एवढं सगळं होऊन शेवटच्या बॉलवर आम्ही हरलो. आमच्या टीमचं नशीबच तसलं!

आई महिनाभर राहणार होत्या, चार दिवसांत निघाल्या. ईस्ट कोस्टचा समुद्र दाखवते म्हटलं तर नको म्हणाल्या. आंटी लिफ्टपाशी भेटली, आईंकडे पाहिलं, मग त्यांच्या उजव्या बाजूला पाहिलं, आणि स्वतः मागे सरून लिफ्टमध्ये जास्तीची जागा करून दिली. मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. एअरपोर्टवर शिरीषने विचारलं, "एकटी नीट जाशील ना?" आई म्हणाल्या, "काय तरी विचारतोस," आणि आत गेल्या.

घरी येऊन मी नितीनच्या खोलीत गेले. पलंग, पंखा, कपाट. नुसती खोली होती. मीच ना, मलाच तर हे सगळं संपायला हवं होतं? त्या पलंगावर बसून मी इतकी रडले की शिरीषला मला पाणी आणून द्यावं लागलं. पत्त्यांत लबाडी करणारं माणूस घरातून खरंखुरं गेलं ते त्या दिवशी.

आता त्या खोलीत केदार भाड्याने राहतो आणि शेवटची ओव्हर टाकतो. मिडऑफला देशपांडे उभे असतात आणि कॅच सोडतात. आम्ही पीआर झालो. नंतर झालेली आमची मुलगी माझ्या मराठीला "व्हॉट लाह, आई" म्हणून उत्तर देते आणि मी तिच्यावर खेकसते. घर कुठलं विचारलं तर मी पटकन टॅम्पिनीस सांगते, आणि ते खोटं नसतं. मिरजेचं घर मात्र आता माझं म्हणवत नाही. तिथं आपण न विचारता आत शिरू नये, असं वाटतं. इतक्या वर्षांत एकदाच गेलो, तेही हॉटेलात उतरलो. आईंनी आग्रह केला नाही.

दर रविवारी मी फोन करते. बीपीच्या गोळ्या, पाण्याची टाकी, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं खोदून खोदून विचारते. शेजारीपाजारी म्हणतात, म्हातारी एवढ्या मोठ्या घरात एकटी राहते पण तब्येत काय सुधारलीय! मागच्या रविवारी फोन लावला तर आई पानं घेत होत्या. भांड्यांचा आवाज येत होता. मी बोलतेय तोच त्यांनी रिसीव्हरवरून तोंड फिरवलं आणि जरा दटावून म्हणाल्या, "थांब की रे जरा. तुझ्या वहिनीचा फोन आहे."

मी म्हटलं, "जेवा सावकाश. मी नंतर करते."