मांजरीसाठी उभा केलेला बीम

आई सुरतेला कायमची राहायला आली ती दोन अटी घालून. वडिलांची बाज बरोबर येईल आणि मांजरही येईल. बाज मालाच्या टेम्पोने आली. मांजर आमच्याबरोबर पॅसेंजरने, टोपलीत बसून, वरून आईचं जुनं लुगडं बांधून. शेजारच्या प्रवाशाने टोपलीत काय आहे म्हणून विचारलं. मी आपलं "आंबे" म्हणालो, आणि आंबे लगेच ओरडले. सगळा डबा हसला. आई तेवढी हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती आणि एक हात टोपलीवर ठेवून बसली होती.

वडील गेल्यावर आई गावी एकटीच होती. तिला मधूनच चक्कर यायची. एकदा चुलीजवळच पडली. शेजारीण ताक मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर काय झालं असतं हे मी आजही पूर्ण वाक्यात बोलत नाही. मी तेव्हा सुरतेत, उधन्याच्या एका लूम कारखान्यात मास्तर होतो, यंत्रमागांवर देखरेख करणारा. चारी बाजूंनी लूम खडखडत असले की माणसाला विचार करता येत नाही, ते बरं. लाइट गेली की सगळं एकदम गप्प व्हायचं, आणि त्या शांततेत मला चूल दिसायची.

म्हणून तिला आणली. पण आणून काय, भेस्तान भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिला करमेना. खाली सगळं गुजरातीत, पोरं शाळेत, आम्ही दोघं कामाला. माझी बायको ब्लाउजला हुक-बटणं लावायचं काम घरी आणायची, पण ते घ्यायला-द्यायला तिला बाहेर पडावं लागे. आई दिवसभर बोलायची ती फक्त मांजरीशी, आमच्या अहिराणीत. तिला नाव असं ठेवलं नव्हतं. 'माय' म्हणायची. "काय व माय, भूक लागनी का?" मांजर बहुतेक उत्तर देत असावी, कारण आई मग पुढचा प्रश्न विचारायची.

मला कळत होतं, मांजर आहे तोवर आई आहे. मांजरीला काही झालं तर आई दुसऱ्या दिवशी गावच्या बंद घराचं कुलूप उघडेल, आणि मी पुन्हा लाइट जायची धास्ती घेत बसेन.

आणि मांजरीला काही होणं फार सोपं होतं. प्लेगची साथ नुकतीच येऊन गेली होती. उंदीर म्हटलं की सगळी सुरत दचकायची. आमच्या सोसायटीत जिन्याखाली, गटाराच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागे, जिथे बघावं तिथे उंदराचं औषध टाकलेलं. ते खाल्लेला उंदीर खाऊन खालच्या चाळीतल्या दोन मांजरी मेल्याचं बायकोने सांगितलं, तेही आई संडासात गेलेली बघून, कुजबुजत. त्या दिवसापासून मांजर घरात बंद.

आता, जिचा जन्म अंगणातल्या निंबावर गेला तिला दोन खोल्यांत कसं बसवणार? ती आधी पडद्यावर चढली, मग कपाटावर, मग शेगडीवरच्या हवेच्या झरोक्यापर्यंत. झरोक्याची एक काच निखळलेली होती. तिथून बाहेर छज्जा, छज्ज्यावरून पाइप, पाइपवरून थेट टाकीमागे. झरोक्याला जाळी मारावी तर स्वयंपाकघरात धूर कोंडायचा. तरी मारली. मग ती बाल्कनीच्या दारावर चढून बसायला लागली. दार लावावं तर उन्हाळ्यात माणसं उकडून निघायची.

बायको म्हणाली, "अहो, तिला बाहेर नाही जायचंय. तिला वर जायचंय. घरातच उंच काहीतरी करा, ती झरोक्याचं नाव काढणार नाही."

हे पटण्यासारखं होतं. म्हणून मी रविवारी फर्निचरच्या दुकानात गेलो. मांजरीला चढायला उंच काहीतरी हवंय, असं मी दुकानदाराला सांगितलं. त्याने आतल्या माणसाला हाक मारली, आणि मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. पुन्हा सांगितल्यावर त्यांनी आणखी एकाला बोलावलं. मग मी निघालो.

घरी शिडी लावून पाहिली, ती घसरली. टीव्हीच्या खोक्यावर खोकं रचलं, ते मांजरीआधी मीच पाडलं. आणि मग कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये मला जुना लाकडी बीम दिसला.

लूमला जो ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, लागतो तो बीमवर गुंडाळलेला असतो. जाड लाकडी दांडा, दोन्ही टोकांना गोल लोखंडी थाळ्या. आडवा पडलेला बीम मी हजारदा पाहिला होता, पण त्या दिवशी तो मला मनातल्या मनात उभा दिसला. खालची थाळी म्हणजे बूड, वरची थाळी म्हणजे बसायची जागा. उंची जवळजवळ माझ्याएवढी. आपण किती हुशार आहोत या आनंदात मी शेठला विचारलं. तो म्हणाला, "ले जाओ मास्तर, लेकिन बिल्ली कपडा बुनेगी तो माल अपने को देना."

दोन हमालांनी तो तिसऱ्या मजल्यावर चढवला. दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका दार उघडून उभे. "मास्तर, हवे घरमां ज लूम नाखवाना के शुं?" मी घरातच लूम टाकतोय असं त्यांना वाटलं; मी हसून वर सरकलो. वर आई दारात.

"हाई काय शे रे भाऊ?"

"मांजरीचं झाड."

आईने बीमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

दांडा वर्षानुवर्षं सूत फिरून गुळगुळीत झालेला होता. मांजर चढायची म्हणजे पंजाला धरायला काहीतरी हवं. इथपर्यंत माझं डोकं बरोबर चाललं. पुढे मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. आयुष्यभर आम्ही एकच गोष्ट केली होती, चकचकीत पॉलिस्टर विणणं. माझ्या दृष्टीने चांगला धागा म्हणजे चमकणारा, बारीक, न तुटणारा. सोनेरी धाग्याच्या दोन बॉबिनी घरी आणल्या, बीम फरशीवर आडवा ठेवला आणि दोन संध्याकाळ बसून त्यावर धागा गुंडाळला. ताण असा सारखा की कारखान्यात पगार वाढला असता. रविवारी दुपारी उभा केला तेव्हा तो सोनेरी दांडा खोलीभर झळकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"छान दिसतंय," बायको म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कोणासाठी छान?"

मांजर आली. वास घेतला. पुढचे दोन पंजे टेकवले. चढली! अर्ध्यापर्यंत भराभर चढली, आणि तिथे तिचा एक पंजा धाग्यांत अडकला. जो धागा तुटू नये म्हणून आम्ही मालकाच्या शिव्या खायचो तो आता तुटेना. ती मागे खेचली गेली, एका नखावर लोंबकळली आणि किंचाळली. बीम हलला. मी तो धरू की तिला धरू, या विचारात नुसताच हात पसरून उभा राहिलो.

"तिना पाय अडकना! काप, काप ना!" आई ओरडली.

बायकोने हुक-बटणांची कात्री फेकली. मी धागे कापले, मांजरीने मला कापलं, आणि ती माझ्या खांद्यावरून उडी मारून स्वयंपाकघरात गेली. हाताचं रक्त धुऊन मी आत बघितलं तर ओट्यावर कोणी नव्हतं. झरोक्याची जाळी एका कोपऱ्यातून वाकलेली होती.

ती सबंध दुपार मला नीट आठवते आणि नको तितकी आठवते. मी टाकीमागे वाकून बघितलं, जिन्याखाली बघितलं. प्रत्येक ठिकाणी औषध होतं, मांजर नव्हती, आणि दर वेळी मला कळेना, बरं वाटावं की वाईट. आई बाल्कनीत उभी राहून हाका मारत होती. "माय व! ये व माय!" चार मजल्यांच्या बाल्कन्यांत बायका गोळा झाल्या. आईला अशी मोठ्याने बोलताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल.

उन्हं कलली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन वर आले. ती त्यांच्या छज्ज्यावर, कुलरच्या मागे बसलेली होती. मधल्या वेळात ती खाली जाऊन आली का, काही खाल्लं का, कोणाला माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं. ते बिचारे पुन्हा पुन्हा "काई नथी, काई नथी" म्हणत होते आणि निघत नव्हते.

दूध ठेवलं. ती प्याली नाही. आईच्या बाजेखाली जाऊन बसली. आम्ही सगळे फरशीवर पालथे पडून तिच्याकडे बघत होतो. तोंडाला फेस येतो म्हणतात, तो येतो का. बायको म्हणाली, "अहो, तिच्याकडे इतकं टक लावून बघितलं तर विषाशिवायच मरेल."

आई बाजेवर बसूनच बोलली. आवाज शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"मी सकाय गावले जासू. हिले लई जासू."

"आई, तिथे तू एकटी..."

"तठे निंब शे."

खोलीच्या मध्ये माझं सोनेरी झाड उभं होतं, कापलेले धागे लोंबत होते, आणि निंबापुढे ते अगदीच हास्यास्पद दिसत होतं. बायको आत गेली आणि बशीत तव्यावरचा बोंबलाचा तुकडा घेऊन आली. बाजेजवळ ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग खालून एक पंजा आला आणि तुकडा आत ओढला गेला. आम्ही चावण्याचा आवाज ऐकला. मी तोंड फिरवून कात्री शोधायला लागलो, जी माझ्या खिशातच होती.

आई उठली. बीमजवळ गेली, लोंबणारा धागा बोटात धरून खेचला. बोटाला चरा पडला तसा सोडला.

"यावर मांजर चढाव नही. यावर मुंगीबी चढाव नही." मग माझ्याकडे वळली. "तुले काय समजस? दोर पाहिजे. खरबरीत."

"उद्या बाजारातून काथ्या आणतो."

आईने बाजेवरची गोधडी काढली, घडी घातली, आणि पायथ्याची गाठ सोडायला बसली. अंबाडीचा दोर होता, वडिलांनी स्वतः वळलेला, स्वतः विणलेला. ती बाज टेम्पोतून उतरवताना एक खूर जरासा आपटला तर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

"आत्या, अहो, तुम्ही कशावर झोपणार?" बायकोने सासूला विचारलं.

"खाले झोपसू," आई म्हणाली. "गादी शे ना तुमनी."

गावी जायचं तर तिथे गादी कुठून येणार होती? पण हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, न जाणो तिला गावी जायचं आठवायचं. मी गुपचूप पॉलिस्टर कापून काढलं. मग आईने दोर धरला, मी बीम फिरवला. ताण कसा ठेवायचा हे मी सांगू लागलो तेव्हा तिने फक्त बघितलं. मी फिरवत राहिलो.

सकाळी गावची गाडी गेली. आई गादीवर बसून चहा पीत होती. गाडीचा विषय तिने काढला नाही आणि मी तर त्या दिशेची खिडकीसुद्धा उघडली नाही.

मांजर बीमवर लगेच चढली नाही. बरेच दिवस नुसती नखं घासायची. आणि मग एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर ती वरच्या थाळीवर, आईच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर बसून सगळ्यांकडे वरून बघत होती. आई खाली बसून तिला गावच्या कोणाच्यातरी लग्नाचं सांगत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण फरशी एका बाजूला जराशी उतरती होती आणि बीम डुलतोय असं मला दिसलं. मी वरचं टोक खिडकीच्या गजाला बांधलं. तरी भरवसा वाटेना. म्हणून रोज कामावरून आलो की चहा घेऊन खालच्या थाळीवर बसायचो, वजन म्हणून. पेपर तिथेच वाचायचो. मांजरीची शेपटी कपाळावर यायची.

"मास्तर, दुसरी पाळी सुरू झाली का?" बायको विचारायची.

"ऊठ रे भाऊ," आई म्हणायची. "काही पडत नही."

मी उठायचो. पण जेवायलाही बीमपर्यंत हात पुरेल असं ताट ओढून घ्यायचो. एक हात घासाला, एक हात बीमला.