फाटकाआडचे पाय

जगदेवीनं आयुष्यभर लोकांचे पाय धुतले. बिदरच्या एका मिशन दवाखान्यात ती आया होती, आणि तिच्या वाट्याला वॉर्ड आला तो चिघळलेल्या जखमांचा. नांगराचा फाळ लागलेले, शुगरनं सडलेले, अनवाणी चालून भेगाळलेले पाय. कोमट पाण्यात मीठ टाकायचं, पाय मांडीवर घ्यायचा आणि बोटांच्या बेचक्या हळूहळू मोकळ्या करायच्या. त्या वासानं तिनं कधी नाकाला पदर लावला नाही. नवरा देवदास लवकर वारला. बिदरमधल्याच मैलूर भागात एका खोलीत राहून तिनं एकुलता एक सुधाकर वाढवला आणि नोकरी संपल्यावर मंठाळजवळच्या आपल्या खेड्यात, ख्रिस्ती वस्तीतल्या जुन्या घरात परत आली. सुधाकर तोवर पुण्याला फरशी बसवायच्या कामाला लागला होता. आता सून बघायची, एवढंच तिच्या मनात होतं.

मग लॉकडाऊन लागलं. काम बंद, खाणावळ बंद. सुधाकर इतरांसारखाच चालत निघाला. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा. मधे कुठं ट्रकवाल्यानं घेतलं तेवढंच, बाकी सगळी पायपीट. गावाच्या वेशीशी आला तेव्हा चपलांचे पट्टे तुटलेले होते आणि पायांना सिमेंटच्या पोत्याचे तुकडे सुतळीनं बांधलेले होते.

बाहेरून येणाऱ्याला घरी जाऊ द्यायचं नाही, शाळेत ठेवायचं, असं गावानं ठरवलं होतं. किल्ली होती पंचायतीचा मेंबर अमृतप्पा याच्याकडे. अमृतप्पा दुष्ट माणूस नव्हता. तुरीची चांगली शेती, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, भांडणात मधे पडणारा, लग्नाला मदत करणारा. पण त्या दिवसांत त्याच्यामागं सगळं गाव भिऊन उभं होतं, आणि तोही भ्यालेला होता.

शाळेच्या फाटकाला खालच्या बाजूनं वीतभर फट होती. फाटकाला वरपर्यंत पत्रा ठोकला होता, त्यामुळं आतला माणूस दिसत नसे, पाय तेवढे दिसत. सुधाकर आतून फाटकाला टेकून बोलायचा आणि जगदेवी बाहेर मातीत बसून त्याच्या पायांकडं बघायची. टाचा उकलल्या होत्या. डाव्या अंगठ्याचं नख गेलं होतं आणि तिथं हिरवट पू धरला होता. असे पाय तिनं जन्मभर पाहिले होते, त्यामुळं पुढं काय होणार हे तिला कळत होतं. पाणी तापवून, मीठ घालून ती घमेलं घेऊन आली. तोंड बांधते, लांबूनच धुते, लगेच निघते, अशी तिनं अमृतप्पाची पुष्कळ विनवणी केली.

"आज तुला सोडलं तर उद्या समद्यायला सोडावं लागंल," अमृतप्पा म्हणाला. "गावानं किल्ली माझ्याकडं दिलीय."

पाणी तिथंच गार झालं. दोन-तीन दिवसांत सुधाकरचा ताप चढला आणि धनुर्वातानं जबडा आखडला. गाडी आली, बिदरला घेऊन गेली, आणि जगदेवीला निरोप आला तो सगळं संपल्याचा. रोगाचा संशय म्हणून प्रेतही मिळालं नाही. शहराबाहेरच्या एका माळावर अंगभर प्लास्टिक घातलेल्या माणसांनी पुरलं म्हणे. तिनं ना तोंड पाहिलं, ना मूठभर माती टाकली. शेवटचं म्हणून जे तिच्या डोळ्यांत राहिलं ते फाटकाखालचे दोन पाय.

ते पाय मग तिला सोडेनात. भर दुपारी वस्ती सुस्तावलेली असताना अंगणात कुणीतरी पाय घासत चालल्याचा आवाज यायचा. बाहेर येऊन बघावं तर चिटपाखरू नाही. आल्यागेल्याच्या पायांसाठी दाराशी भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी एकेका दिवशी गढूळ झालेलं असायचं. शेजारीण म्हणायची कुत्रं तोंड घालत असेल. असेलही. पण पाणी बदलताना जगदेवी तळाशी बसलेली माती आधी बोटांनी चाचपायची. बाजारात गेली तर लोकांच्या तोंडाकडं न बघता ती पायांकडंच बघत राही, आणि गर्दीत एखादी उकललेली टाच दिसली की तिच्यामागं मंठाळच्या स्टँडपर्यंत चालत जाई.

अशी काही वर्षं गेली. वस्तीतल्या देवळात, म्हणजे चर्चमधे, प्रभुदास नावाचे नवे पाळक आले. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, त्यांनी मंडळीतल्या बारा जणांना पुढं बसवलं. वयानं मोठी म्हणून जगदेवीचं नाव त्यात आलं. पाळक कमरेला टॉवेल गुंडाळून एकेकापुढं गुडघे टेकत आले. त्यांनी तिचा पाय हातात घेऊन वर पाणी सोडलं मात्र, तिनं तो चटका बसल्यासारखा मागं ओढला. आपल्या पायाच्या जागी तिला नख गेलेला अंगठा दिसला होता. ती उठली आणि ओल्या पायांनी बाहेर गेली.

पाळक नंतर घरी आले. रागावले नाहीत. तिनंच विचारलं, "पास्टर, त्या बारा जणांत यहूदा व्हता का?"

"होता. पाय धुऊन झाल्यावर, जेवणावरून उठून तो गेला."

"म्हंजी त्याचे बी धुतले."

"धुतले."

"ह्यो आपल्याला धरून देणार हाय, हे ठावं असून?"

"ठावं असून, अक्का."

ते उत्तर तिला सोसलं नाही. ज्याचे धुवायला हवे होते त्याचे राहिले, आणि ज्याचे धुऊ नयेत त्याचे प्रभूनं स्वतः खाली बसून धुतले, हा कसला न्याय, असं ती घरातल्या घरात बडबडत राहिली. पुनरुत्थानाच्या रविवारी ती देवळात गेली नाही.

उन्हाळा तापला तशी अमृतप्पाची सून मल्लेश्वरी एका सकाळी तिच्या दाराशी येऊन उभी राहिली. अमृतप्पाला शुगर होती. पायाला काटा लागून जखम झाली होती आणि ती आत आत चालली होती. वासामुळं कुणी जवळ बसत नव्हतं. गुलबर्ग्याच्या डॉक्टरनं रोज धुवायला सांगितलं होतं, पण मल्लेश्वरीला ते बघूनच उलटी यायची. सांगताना तिची मान वर होत नव्हती. शाळेच्या फाटकाची गोष्ट तिलाही ठाऊक होती.

जगदेवी न्हाई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या दुपारी अंगणातला आवाज आला आणि नेहमीसारखा पुढं न जाता दाराशीच थांबला. ती आत भिंतीला धरून उभी राहिली. दार उघडायचं धाडस तिला झालं नाही. ऊन उतरल्यावर तिनं मिठाची पुडी पदरात बांधली आणि अमृतप्पाच्या घराची वाट धरली.

अमृतप्पा ओसरीवर बाजेवर पडला होता. तिला बघून त्यानं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. "माझ्या पायाला हात लावू नगं, जगदेवी. तू लावू नगं."

"तुमच्यासाठी न्हाई आले मी," ती म्हणाली आणि घमेलं ओढून खाली बसली.

पट्टी सोडली तेव्हा मल्लेश्वरी आत पळाली. जगदेवीनं पाय मांडीवर घेतला. जुन्या सवयीनं हात चालू लागले. मात्र मांडीवर कुणाचा पाय आहे हे तिला काही वेळ कळेना. म्हाताऱ्याची शिरा उठलेली पोटरी दिसायची, डोळा लवला की सुधाकरची टाच. ती धूत राहिली. पाणी बदललं, पुन्हा धूत राहिली. ओठातल्या ओठात ती काय बोलत होती ते अमृतप्पाला ऐकू येत नव्हतं, पण ते आपल्याशी नाही एवढं त्याला समजलं.

"आमच्यात बी हाय पाय धुणं," तो हळूच म्हणाला. "सामी घरी आले की पाय धुतोत, ते पाणी पादोदक म्हनून घेतोत. पर ते गुरूचे पाय. गुरू कुणाचे धूत न्हाई."

"आमच्या गुरूनं धुतले," जगदेवी म्हणाली. "हीच तर पंचाईत हाय."

अमृतप्पानं आढ्याकडं बघत विचारलं, "तुला दिसतो का त्यो?"

तिचे हात थांबले.

"मला ऐकू येतो," अमृतप्पा म्हणाला. "अप्पा, माझ्या आईला तेवढं आत सोडा, असं म्हनतो. त्या दिशी म्हनला व्हता तसंच. मी पोरायला सांगत न्हाई. म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं म्हनतील."

इतकी वर्षं जे एकटीनं ऐकलं ते दुसऱ्या कुणालातरी ऐकू येतं, हे कळल्यावर तिला धीर वाटायला हवा होता. उलट तिनं वळून रस्त्याकडं पाहिलं. म्हणजे तो खरंच फिरतोय, दोन घरांमधे, असं तिच्या मनात आलं. तिनं जखम कोरडी केली, पट्टी बांधली आणि उद्या येते म्हणून निघाली.

तो सगळा उन्हाळा ती जात राहिली. गावात बोलणी झाली. कुणी तिला संत म्हणालं, कुणी पैशासाठी करते म्हणालं. ती दोन्ही ऐकायची आणि आपल्या वाटेनं जायची. जखम कधी भरायची, कधी पुन्हा फुटायची. एक बोट काढावं लागलं. दोघं फार बोलत नसत. कधी पाय मांडीवर असताना अमृतप्पा एकदम कान टवकारायचा, तीही मान वळवायची, आणि दोघं रिकाम्या रस्त्याकडं बघत राहायचे. मल्लेश्वरी हळूहळू जवळ बसायला शिकली, पाणी ओतू लागली. तिनं एकदा विचारलं, "अक्का, तुमी मामंजीला माफ केलाव का?"

"ठावं न्हाई, बाई," जगदेवी म्हणाली. "सकाळी उठल्यावर आजबी राग येतोय. मग पानी तापवते."

पावसाळ्यात अमृतप्पा गेला. त्याला फुलांनी सजवून, बसवून नेलं आणि त्यांच्या रीतीनं शेतात समाधी दिली. जगदेवी बायकांच्या मागं उभी होती. सगळे पांगल्यावर अमृतप्पाचा मुलगा महेशकुमार तिच्याकडं आला. तो गुलबर्ग्याला तुरीच्या अडतीवर असायचा, तिच्याशी कधी फारसा बोललेला नव्हता. वडिलांनी जाताना एक काम सांगितलंय, म्हणाला. सुधाकरला पुरलं त्या माळावर तिला घेऊन जायचं.

ती आजवर तिथं गेलीच नव्हती. महेशकुमारनं बिदरला चौकशी केली, एक म्हातारा राखणदार गाठला आणि एका सकाळी तिला गाडीतून नेलं. माळावर बाभळी माजल्या होत्या, शेरडं चरत होती. उंचवटे पावसानं सपाट झाले होते. ह्या ओळीत त्या महिन्यातली माणसं हायत, कोण कुठला ते आता सांगता येत न्हाई, असं राखणदार म्हणाला. जगदेवी त्या ओळीच्या कडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालली. मधेच खाली बसायची, हातानं माती चाचपायची, पुन्हा उठायची. कुठल्याच जागी तिला तो हितंच हाय असं वाटलं नाही. शेवटी ती ओळीच्या मधोमध बसली आणि प्रार्थना केली, सुधाकरचं नाव घेऊन आणि मग इतर नावं ठाऊक नसलेल्यांसाठी.

ऊन चढल्यावर ती उठली. महेशकुमारनं गाडी सुरू केली. जगदेवी पुढं बसता बसता थांबली, मागं गेली आणि मागचं दार उघडून धरून उभी राहिली. माळाकडं बघत, कुणाची तरी वाट बघावी तशी. महेशकुमार आरशातून बघत थांबला. थोड्या वेळानं तिनं दार हलक्या हातानं लावलं, पुढं येऊन बसली आणि म्हणाली, "चला आता. हळू न्या."