वात, पित्त, कफ: महागावकडच्या एका लग्नातल्या तीन पंगती

मला लग्नं आवडत नाहीत, लग्नातलं जेवण आवडतं. पण ऑफिसच्या खुर्चीत बसून बसून पित्तानं माझा असा छळ मांडला, की मी आयुर्वेदाला शरण गेले. उठल्या उठल्या कोमट पाणी, आंबट-तिखट बंद, अर्धं पोट अन्न, पाव पोट पाणी आणि उरलेलं पाव रिकामं. घरचे म्हणतात, ही जाईल तिथे थर्मास आणि उपदेश घेऊन जाते. खोटं नाही ते. अशात धाकट्या भावाचं, निखिलचं लग्न ठरलं यवतमाळ जिल्ह्यात, तेही ऐन मे महिन्यात. वऱ्हाडाच्या उतरण्याची सोय बघायला कुणीतरी आधी जायला हवं होतं. मी निघाले, सोबत आत्या. गावाचं नाव लिहीत नाही. बाकी सगळं लिहायला मुलीच्या वडिलांची परवानगी आहे.

आत्याबद्दल आधीच सांगते. एका लग्नात कढी पातळ लागली म्हणून ती भरल्या पंगतीतून उठली होती. त्या घरची सून आज स्वतः सासू झाली, तरी तिला त्या कढीवरून टोमणे बसतात.

पुण्याहून पुसदला रात्रभराची ट्रॅव्हल्स मिळते. लग्नसराईत तिकीट दुप्पट होतं, तेव्हा आधीच काढा आणि मागची सीट घेऊ नका. सकाळी पुसदला उतरलो, तर ठरवलेली जीप घेऊन सलीमभाई हजर. त्यांनी आधी आम्हाला तर्री-पोह्यांच्या गाडीवर नेलं. पोह्यांवर ओतायच्या तिखट रश्श्याची लालभडक तर्री बघूनच माझ्या घशाशी आलं.

"मॅडम, तर्री नाही तर पोहे कायले खाता?" सलीमभाईंनी विचारलं.

"पित्त आहे मला."

"मले बी हाय. म्हणून तर दोन प्लेटच खाऊन राह्यलो."

महागावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे ढीग लागले. ते बोंडअळीचं वर्ष होतं. बोंडं आली, पण आत कापसाऐवजी अळ्या निघाल्या. सलीमभाई एवढंच म्हणाले, "यंदा इकडे लग्नं कमी हायेत, मॅडम. भाडे बी नाही."

महागावात नवऱ्या मुलीचे मामा भेटले. त्यांचं बियाणं आणि फवारणीची औषधं विकायचं कृषी केंद्र आहे. शेतकऱ्यांनी औषधं घेणं थांबवल्यावर मामांनी कुठलंसं चार दिवसांचं शिबिर केलं आणि त्याच फळ्यांवर चूर्णं मांडली. माल बदलला, सवय कशी बदलणार? त्यांनी मला उजेडात उभं केलं, जीभ बाहेर काढायला लावली आणि कपाशीचं पान निरखावं तशी ती निरखली.

"कडा पिवळ्या पडल्या. पित्त हाय. रोज सकाळी एक झाकण त्रिफळा."

"झाकण म्हणजे किती?"

"झाकण म्हणजे झाकण! फवारणीच्या पंपाले दोन लागते, तुमाले एकच पुरते."

आत्यालाही पित्तच निघालं. मग त्यांनी जाहीर केलं की उद्या मांडवात ते प्रत्येकाची जीभ बघणार आणि प्रकृतीप्रमाणे तीन पंगती बसणार. मला हर्ष झाला. अख्खं गाव आयुर्वेद पाळतंय आणि आम्ही पुण्यात ॲपवर शोधतोय! आत्याच्या कपाळावर मात्र आठी चढली.

संध्याकाळी मुलीच्या गावी पोचल्यावर कोमट पाणी मागायला मी मांडवामागच्या चुलाण्याकडे गेले, तर मुलीचे वडील विश्वनाथराव आणि आचारी वांग्यांच्या पोत्याशी उभे.

"भाऊ, एवढ्यात भाजी गावाले पुरत नाही," आचारी म्हणत होता.

मी दिसताच विश्वनाथरावांनी पोत्याचं तोंड आवळलं. मग स्वतःच म्हणाले, "पाह्यलंच हाय तुमी, तर लपवत नाही ताई. अळीनं सारा कापूस खाल्ला. कोणापुढं हात पसरायचा नाही असं ठरवलं. वांगे, बुंदी, वरण-भात, सगळं सगळ्यायले पुरत नाही. म्हणून मेहुणा म्हणला, वाटे करू. कफाले वांग्याची भाजी, वाताले बुंदी न् तुपाचा वरण-भात, पित्ताले मुगाचं वरण न् दुधी. शास्त्राचं नाव हाय, कोण विचारते?"

मी रिकामा थर्मास खाली ठेवला.

"तुमच्या आत्याबाईले नोका सांगू," ते हात जोडून म्हणाले. "माह्या निकिताले जन्मभर ऐकाव लागन."

मला फार वाईट वाटलं, आणि आत्याच्या तोंडाची पहिल्यांदाच भीती वाटली. नाही सांगत, असा शब्द देऊन मी परतले.

दुसऱ्या दिवशी मांडवाच्या दाराशी मामा खुर्ची टाकून बसले. अक्षता राहिल्या बाजूला, पाहुणे ओळीनं जिभा काढून उभे. जीभ बघून मामा कपाळावर खूण करत: कफाला कुंकू, पित्ताला हळद, वाताला अष्टगंध. चाळीस वर्षं एका ताटात जेवलेलं एक जोडपं दोन पंगतींत गेलं. आजोबा जाताना म्हणाले, "सुटलो बाप्पा!" आदल्या दिवशी पित्त सांगणाऱ्या सलीमभाईंना कफ निघाला, पण वांग्याच्या भाजीचा वास आल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही.

जेवण सुरू झालं आणि वाताच्या पंगतीत बुंदी दिसली. झालं! पित्तवाल्यांमधले एक काका उठले. "माझे गुडघे दुखतात. मी वातच आहे!" त्यांनी हळद पुसली. मागोमाग एक मावशी कंबर धरून उठल्या. कुणाला मान आठवली, कुणाला टाच. सकाळपर्यंत ठणठणीत असलेलं वऱ्हाड बुंदी पाहून लंगडायला लागलं. आणि आत्या, जिला मी कधी डोकं दुखतं म्हणतानाही ऐकलं नव्हतं, ती माझ्या खांद्यावर भार टाकून म्हणाली, "माझे सांधे गं!"

पलीकडे विश्वनाथराव बुंदीच्या परातीपाशी उभे होते. परातीचा तळ दिसायला लागला होता आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

मी उभी राहिले आणि माझा नेहमीचा उपदेशाचा आवाज लावला. "जरूर बसा वाताच्या पंगतीला! पण ज्यांचे सांधे दुखतात त्यांनी आधी एरंडेल घ्यायचं. वातावर एरंडेलासारखं दुसरं औषध नाही. मामा, किती द्यायचं?"

मामांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "उभ्या पिकाले एक झाकण. पाहुण्यायले दोन."

काका खाली बसले. मावशींची कंबर सरळ झाली. आत्यानं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं दुधी वाढून घेतली. मी तिला ऐकवत राहिले, की उन्हाळ्यात अग्नी मंद असतो, हलकं खावं. हे मात्र खरंच शास्त्रात आहे. बुंदी वाताच्या शेवटच्या माणसापर्यंत पुरली.

त्या दुपारी रणरणत्या उन्हात एकाही पाहुण्याला जळजळ झाली नाही. परतीच्या जीपमध्ये आत्या चक्क म्हणाली, "काही म्हण, असं पचलेलं लग्न मी पाहिलं नाही."

घरी येऊन वर्ष होत आलं. माझं पित्त आता बरंच ताब्यात आहे. झाकणानं नाही, चमच्यानं त्रिफळा घेते. अर्धं पोट जेवायचा नियमही पाळते, पण दुसऱ्याच्या ताटात डोकावून तो सांगत नाही. निकिता घरात रुळली आहे. आणि आत्यानं आपल्या मुलाचं लग्न काढलं आहे. कार्यालय मोठं, पैसा मुबलक, आणि हट्ट एकच: तीन पंगती. पुण्यात कुणी केल्या नाहीत म्हणे! गेल्या रविवारी आमच्या घरी येऊन तिनं मलाच विश्वनाथरावांना फोन लावायला सांगितला, मामांना घेऊन या म्हणून. स्वयंपाक चालू होता, हात पिठात होते, म्हणून मी स्पीकर लावला. आत्या मागे येऊन उभी राहिली हे मला दिसलंच नाही.

"येतो ना ताई," विश्वनाथराव म्हणाले. "पण आत्याबाईले म्हणा, पंगती नोका वाटू. आमचा कापूस गेलता, म्हणून दारी आलेल्या माणसायले आमी अर्धपोटी उठवलं. मले आजवर ते लागून हाय. तुमच्यावर अशी येळ आली काय? तवा कायले? सगळ्यायले सगळं वाढा जी."

मी वळून पाहिलं. आत्या ओट्याला धरून उभी होती. आता ही काय बोलते, या भीतीनं मी पिठाच्याच हातानं स्पीकर बंद करायला गेले. तिनं पुढे होऊन फोन उचलला.

"विश्वनाथराव, मी बोलतेय," ती म्हणाली. "पंगत एकच राहील. आणि तुमचं पान माझ्या शेजारी मांडणार आहे. बुंदी संपेपर्यंत उठू देणार नाही."

विश्वनाथराव म्हणाले, "बरं जी," आणि फोन ठेवला.