पाच वेढ्यांची माशी

गळाची माशी ही खरी माशी नव्हे. बारीक गळावर दोरा, पिसे आणि चंदेरी तार गुंडाळून ती बांधतात, आणि ट्राउट मासा तिला किडा समजून तोंडात घेतो. स्टीलहेड हा ट्राउटचाच भाऊबंद. नदीत जन्मतो, समुद्रात जातो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत येतो. परतीच्या वाटेवर तो फारसे खात नाही. म्हणून त्याच्यासाठीच्या माश्या कोणत्याच किड्यासारख्या दिसत नाहीत. नारिंगी, जांभळ्या, भडक असतात. भूक नसलेल्या माशाला नुसते डिवचायचे असते.

हे सारे मी आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून शिकले. तिथून ट्राउटच्या नदीला जायचे तर विमानच लागते.

माझे पती जवळच्याच मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये मोजमापाची उपकरणे तपासत. निवृत्त होऊन मायदेशी परतणाऱ्या एका स्कॉटिश साहेबाने त्यांना गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा शिकंजा दिला आणि माशी बांधायला शिकवले. तो शिकंजा आमच्या टेबलाच्या कडेला जो बसला, तो आजही तिथेच आहे. एका सुट्टीत आम्ही हिमाचलात गेलो होतो. तिथे त्यांना वीतभर ट्राउट मिळाला, तो त्यांनी परत पाण्यात सोडला. एवढीच त्यांची मासेमारी. बाकी वर्षानुवर्षे नुसते बांधणे. पुढे आमची मुलगी नोकरीसाठी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला गेली. तिच्या घरापासून तासाभरावरच्या नदीत हिवाळ्यात स्टीलहेड येतात असे कळले, तेव्हा त्यांनी ठरवले: चोवीस माश्या बांधायच्या, आणि मुलीबरोबर त्या नदीत उभे राहायचे.

बांधण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी गळाच्या दांडीवर दोऱ्याचा पाया घालायचा. मग शेपटी, मग अंग. अंगावरून चंदेरी तारेचे पाच वेढे, सारख्या अंतरावर. मग मानेशी पीस, वर पंख, शेवटी डोके, गाठ आणि वार्निशचा थेंब. माझ्या पतींचे वेढे नेहमी पाच येत. चार नाही, सहा नाही. मी शाळेत गणित शिकवते. मला ते फार आवडे.

आठ-नऊ माश्या झाल्या असतील, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि संध्याकाळी पुन्हा शिकंज्यापुढे बसले. आता दोरा सैल पडू लागला, पीस एका बाजूला कलू लागले, वेढे कधी चार येत, कधी सहा, आणि त्यांतली अंतरे निराळी. एक माशी पुरी व्हायला चार-चार दिवस लागत. तरीही ते बांधत होते.

आणि मग मी ती गोष्ट केली.

प्रदर्शनापूर्वी मुलांच्या तक्त्यांवरच्या वाकड्या रेषा आम्ही शिक्षिका गुपचूप सरळ करतो. माझ्या मनात तीच सवय होती, आणि एक खरी भीतीही: सैल बांधलेली माशी त्या ओढीच्या पाण्यात उसवेल आणि लेकीसमोर त्यांना ओशाळे वाटेल. शाळेतून मी अडीचला येई, तेव्हा ते आत झोपलेले असत. डबीतून एक माशी काढून मी दोरा उलगडे आणि ती पुन्हा बांधे, नीट, पाच वेढ्यांची. नव्या वाकड्या सरळ करता करता जुन्या, चांगल्या माश्याही डोळ्यांना सैल दिसू लागल्या. मी त्याही सोडल्या नाहीत.

चोविसावी माशी झाली त्या दिवशी त्यांनी डबी उघडून सगळ्या एका रांगेत लावल्या. भिंग घेतले. मी समोर वह्या तपासत होते.

“मॅडम,” ते म्हणाले. चिडवायचे असले की ते मला अशीच हाक मारत. “तेवीस माश्यांना पाच-पाच वेढे?”

मी पुढची वही उघडली.

“गेल्या वर्षापासून माझ्या हाताला पाच आलेले नाहीत.”

“अहो, पाण्यात सुटल्या असत्या.”

“सुटल्या असत्या. मग मासा हसला असता.” त्यांनी भिंग रुमालात गुंडाळले. “उत्तरपत्रिका तपासायची असते. पुन्हा लिहून काढायची नसते.”

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते. माश्या डबीत ठेवून ते म्हणाले, “खलास.” त्यानंतर ते शिकंज्यापुढे बसले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी, हे सांगायलाच हवे, मी चोविसावीही उलगडून बांधली. राहिलेली एकच वाकडी माशी मला डबीत बघवेना.

हिवाळ्यापूर्वीच न्यूमोनियाने ते गेले. तिकीट काढलेले होते.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी परत निघाली, तेव्हा टेबलाशी उभी राहून म्हणाली, “आई, जस्ट वन. बाबांच्या हातची. आय वॉन्ट टु फिश इट फॉर हिम.”

चोवीसपैकी कोणतीही उचलून दिली असती तर तिला कधीही कळले नसते. मी तिला खुर्चीवर बसवले आणि सगळे सांगितले, क्रमाने, जसे इथे लिहिले आहे तसे.

तिने डबी जवळ ओढली. “सो नथिंग इन हिअर इज हिज?”

मी नीट आठवले. उलगडताना काही गळांवरचा पायाचा दोरा मला इतका सरळ दिसला होता की तो काढायचे कारण नव्हते. मी त्यावरूनच नवे अंग चढवले. अशा पाच असतील, सहा असतील.

“विच वन्स?”

मी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या प्रत्येक चुकीची नोंद ठेवते. याची ठेवली नव्हती. शोधायचे तर उलगडावे लागले असते. मी एक माशी शिकंज्यात लावली, डोक्याशी पाते नेले, आणि तिने माझे मनगट धरले.

“डोंट फिक्स एनिथिंग, आई.”

तिने चोवीसही नेल्या. हिवाळ्यात ती दर शनिवारी नदीवर जाते आणि मला मेसेज करते. आजवर मासा एकही नाही. अकरा माश्या गेल्या. काही दगडांत अडकून तुटल्या, काही फांद्यांत राहिल्या. प्रत्येक वेळी मी विचारते, बांधणी सुटली नव्हती ना. ती लिहिते, नाही, घट्ट होती.