एका सीटची गाडी

नवी मोटरसायकल घरी आली त्या संध्याकाळी बाईंच्या नवऱ्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला, मागे जिथे सीट असायला हवी होती तिथल्या काळ्याभोर उंचवट्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, "आणि मी कुठे बसायचं?"

"घरी," बाई म्हणाल्या.

त्याला वाटलं थट्टा आहे. तो हसलासुद्धा. हसू ओसरायला जिना चढून घरात जाईपर्यंतचा वेळ लागला. दार लावताना मात्र त्याच्या ध्यानात आलं की जुनी स्कूटर तर बाईंनी त्याच दुकानात देऊन टाकली आहे. म्हणजे आता या घरात वाहन एक, आणि त्यावर जागाही एक.

बाई दात बनवायच्या. एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्या होत्या, तिथे दिवसभर मान खाली घालून मेणात दात रोवायचे, प्लास्टरच्या जबड्यांवर कवळ्या घडवायच्या, घासायच्या, चकाकवायच्या. ज्यांच्या तोंडात त्या जायच्या ती माणसं बाईंना कधी दिसत नसत. त्यांचे नुसते जबडे टेबलावर येत. इमारतीत त्यांना 'दातवाल्या बाई' म्हणत. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. जगातल्या सगळ्या नद्या त्याला तोंडपाठ होत्या, पण स्वतःच्या घरापासून शाळेपर्यंत तो कधी स्वतः गेला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी स्कूटर शिकताना तो एका कुंपणात घुसला. बाहेर आला तो "मला नाही बुवा हे जमत" असं म्हणतच, आणि ते वाक्य त्याने पुढे एखाद्या पदवीसारखं मिरवलं.

मग बाई शिकल्या. शिकल्या आणि अडकल्या. सव्वीस वर्षं त्यांच्या पाठीमागे कोणी ना कोणी बसलेलं होतं. सकाळी नवरा शाळेला, मग मुलगी क्लासला, सासूबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे, दीर स्टेशनवर. मधल्या वेळात पायाशी गॅसची टाकी. एकदा तर जाऊबाई आणि त्यांच्या हातात आडवी धरलेली शिडी. माणसांचं वजन बाईंना कधी जाणवलं नाही. जाणवायचं ते बोलणं. मागे बसलेला माणूस गप्प बसत नाही, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता. "डावीकडून घे." "अगं हळू." "तो बघ, तो येतोय." "इथे थांब जरा, मी आलेच." उजव्या कानाशी सतत कोणाची तरी वाफ आणि कोणाचं तरी म्हणणं. त्या कानाला पुढे पुढे ऐकूही कमी यायला लागलं. कानाच्या डॉक्टरने वयाचं कारण दिलं. बाईंनी मान डोलावली, पण पटलं नाही.

म्हणून दुकानातल्या मुलाने जेव्हा विचारलं, "मॅडम, मागची सीट थोडी लहान आहे, चालेल ना? मागे कोण बसणार?" तेव्हा बाईंच्या तोंडून फटकन निघालं, "कोणी नाही."

"मग याला झाकण येतं," मुलगा म्हणाला. "सीट काढायची आणि वरून हे बसवायचं. रेसच्या गाडीसारखं दिसतं."

"बसव," बाई म्हणाल्या. स्वतःच्या कमाईच्या गाडीवर त्यांनी केलेला हा पहिला हुकूम.

गाडी साडेसहाशे सीसीची, वजन दोनशे किलो, आणि स्वभाव म्हणाल तर कोणाचा उपकार न घेणारा. स्कूटरवर बसावं तसं तिच्यावर बसता येत नाही. तिच्यावर ओणवं व्हावं लागतं. पहिल्या आठवड्यात मनगटं भरून आली. सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाचा पंखा सुरू व्हायचा आणि गरम हवेचा झोत थेट मांड्यांवर. गल्लीत वळवायची तर चार वेळा पुढे-मागे. पार्किंगमधला प्रत्येक पुरुष एकच प्रश्न विचारायचा, "किती देते?" बाई सांगायच्या, "देत काही नाही. घेते." ऐकणारा दात काढायचा आणि वर जाऊन बायकोला सांगायचा. आठवड्याभरात 'दातवाल्या बाई'चं 'रॉकेट काकू' झालं.

फोनवर या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप होता. सगळी पंचविशीतली पोरं. बाईंनी आपल्या फोटोच्या जागी एक नवी कोरी कवळी लावली होती, त्यामुळे सगळे त्यांना 'भाऊ' म्हणायचे. "गाडी घेतल्यावर काय वाटतं ते प्रत्येकाने लिहा," असं एकाने टाकलं. पोरांनी वेग लिहिले, आवाज लिहिला, एकाने तर प्रेयसीशी तुलना केली. बाईंनी लिहिलं : 'मनगटं दुखतात, कारण आपण हातांवर भार टाकतो. पोटाने धरा, हात मोकळे सोडा. मांड्या भाजतात, त्याला इलाज नाही. आरशात फक्त आपली कोपरं दिसतात, मागचं काही दिसत नाही. मला हे फार आवडलं.'

"भाऊ, एक नंबर!" खाली उत्तरं आली.

घरात मात्र कोणी एक नंबर म्हणत नव्हतं. मुलगी नोकरीच्या गावाहून फोनवर किंचाळली होती, "आई, तू ग्रेट आहेस!" सुट्टीला घरी आली आणि निघताना बॅग घेऊन खाली उभी राहिली तेव्हा तिचा आवाज बदलला. "मग मी स्टेशनवर कशी जाऊ?"

"जशा ग्रेट आया नसलेल्या मुली जातात तशी. रिक्षाने."

सासूबाईंनी अबोला धरला. अबोला म्हणजे बाईंशी. बाकी सगळ्या इमारतीशी त्या दुप्पट बोलत होत्या. "मागची सीट उपटून टाकली हो, मुद्दाम! म्हणजे म्हातारीने चढायचंच नाही." त्या आता रिक्षाने डॉक्टरकडे जात. परत आल्या की भिंतीकडे बघून म्हणत, "रिक्षावाला निदान ऐकून तरी घेतो." बाईंना त्या रिक्षावाल्याचं वाईट वाटे.

आणि मग त्या पडल्या. वेगात नाही, वळणावर नाही. इमारतीच्या फाटकात, गाडी पूर्ण थांबलेली असताना. पाय टेकवायला गेल्या तिथे जमीन बोटभर खोल होती. दोनशे किलोंनी डावीकडे जायचं ठरवलं आणि बाईंचं मत विचारलं नाही. वॉचमन आणि दोन शेजारी धावले, गाडी उचलली. बाईंची नडगी काळीनिळी झाली, पण त्याहून वाईट म्हणजे तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती.

घरच्यांना हवं होतं तेच मिळालं. त्याच संध्याकाळी दीर आला. चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे वय आहे का?"

"कशाचं? पडायचं की बोलणी खायचं?"

"अहो, तुमच्या काळजीनेच म्हणतो. विकून टाका. नाहीतर निदान मागची सीट तरी परत लावा. सगळ्यांच्या उपयोगाची तरी होईल."

"बघ," नवरा हळूच म्हणाला. "तो काही वाईट सांगत नाहीये."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. पडण्याचा आणि मागच्या सीटचा काय संबंध, हे त्या खोलीत कोणीच विचारत नव्हतं. पडली म्हणून काळजी होती की बसायला मिळत नाही म्हणून? नडगीवर बर्फ धरून त्या म्हणाल्या, "गाडी उचलता आली नाही म्हणून लाज वाटली मला. पडले म्हणून नाही. उचलायला शिकेन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी घरातली एक जुनी गादी पार्किंगमध्ये नेऊन अंथरली. गाडी तिच्या कडेला आणली आणि वॉचमनच्या मदतीने सावकाश, बाळाला निजवावं तशी, तिच्यावर आडवी केली. ग्रुपवरच्या पोरांनी 'भाऊ'ला सांगितलं होतं : गाडीकडे पाठ करायची, बसायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कडीला, आणि हातांनी ओढायचं नाही, पायांनी मागे रेटत उठायचं. बाई बसल्या. रेटलं. गाडी हलली नाही. पुन्हा रेटलं. गॅलऱ्या भरल्या. वरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं ती माझी गादी!" अबोला सुटला तो असा. तिसऱ्या की चौथ्या खेपेला बाईंच्या मांड्या थरथरल्या, चपला घासल्या, आणि गाडी कुरकुरत उभी राहिली. वॉचमनने टाळी वाजवली आणि वर कोणी बघतंय असं दिसल्यावर थांबवली. बाईंनी दम खाल्ला, म्हणाल्या, "आडवी कर परत." अंधार पडेपर्यंत त्या तिला निजवत आणि उठवत राहिल्या.

गाडी विकण्याचं बोलणं त्यानंतर थांबलं. सीटचं मात्र थांबेना. आडून, उभ्याने, जेवताना, झोपताना. "लावून तर ठेव, बसत कोणी नाही." "अडीअडचणीला असावी." बाईंना अडीअडचण ठाऊक होती. ती रोज सकाळी सव्वासातला डबा घेऊन खाली उभी राहायची.

गाडी नवी असताना पहिले हजार किलोमीटर तिला दमाने चालवायचं असतं, इंजिनाचा काटा मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या पुढे जाऊ द्यायचा नसतो. बाईंनी हा नियम इमानाने पाळला. दर वेळी अ‍ॅक्सिलरेटरची मूठ थोडी आणखी पिळावीशी वाटायची आणि त्या आवरायच्या. आवरण्याची सवय होतीच. मग एका शनिवारी पहिलं सर्व्हिसिंग झालं. मेकॅनिकने तेल बदललं, चेन ताणली, किल्ली हातात ठेवली आणि म्हणाला, "आता सोडा तिला, काकू. आता ती तुमची."

रविवारी सकाळी आंघोळ करून, जॅकेट चढवून बाई खाली उतरल्या. गावाबाहेरचा मोठा रस्ता, पुलापर्यंत आणि परत; आठवडाभर त्या मनात तोच रस्ता घोळवत होत्या. खाली येऊन बघतात तर गाडीशेजारी नवरा उभा. डोक्यावर नवं कोरं हेल्मेट, आत चष्मा तिरका झालेला. आणि गाडीवर मागची सीट.

"मीच बसवली," तो म्हणाला. "तू आंघोळीला गेलीस तेव्हा. फोनवर बघितलं कसं करतात. किल्ली फिरवली की झाकण निघतं, मग सीटचं पुढचं टोक आधी आत सरकवायचं. सोपं आहे गं."

बाईंनी सीट दाबून पाहिली. ज्या माणसाने सव्वीस वर्षांत स्कूटरच्या चाकात हवा आहे का हे वाकून पाहिलं नव्हतं, त्याने सीट बसवली होती. नीट बसवली होती.

"मला कुठे सोडू नकोस," तो घाईने म्हणाला. "शाळा नाही, काही नाही. नुसतीच एक फेरी. तुझ्याबरोबर. मी एक अक्षर बोलणार नाही."

हा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी होती. ओरडणाऱ्याला ओरडून उत्तर देता येतं. हेल्मेट घालून उभ्या राहिलेल्या माणसाचं काय करायचं? वर गॅलरीत सासूबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. आज याची एक फेरी, उद्या त्यांचा डॉक्टर, परवा दिराचं स्टेशन. हे सगळं बाईंना दिसत होतं. पण खरं सांगायचं तर तेही कारण नव्हतं. पुढे आयुष्यात कोणीही काहीही मागणार नाही असं लिहून दिलं असतं, तरी त्यांना मागे कोणी नको होतं.

त्यांनी त्याच्या हातातून किल्ली घेतली, मागच्या कुलपात घातली, फिरवली. सीट सुटली. ती दोन्ही हातांनी उचलून त्यांनी त्याच्या हातात दिली.

"अगं, पण का?"

"कारण मला मागे कोणीच नकोय."

"मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा."

"कायमचं?"

"गाडीवर कायमचं. घरात आहातच की."

"म्हणजे मी या हेल्मेटचं काय करू आता?"

"स्कूटर शिका. छप्पन्न म्हणजे काही जास्त नाही. कुंपणं आता पूर्वीसारखी काटेरी राहिली नाहीत."

"लोक बघतायत," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत. दिसायलाच तर घेतलीय इतकी देखणी." बाईंनी कोपऱ्यात ठेवलेलं झाकण उचललं, बसवलं, टक् आवाज येईपर्यंत दाबलं. वरून सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याला भर रस्त्यात उभं करून चालली!" बाईंनी मान वर केली. "आई, रस्त्यात नाही, पार्किंगमध्ये. सावलीत आहेत."

मग त्यांनी हेल्मेट घातलं आणि बाहेरचं सगळं ऐकू येईनासं झालं.

गाव संपेपर्यंत त्या सावकाश गेल्या. शेवटच्या पेट्रोल पंपानंतर रस्ता मोकळा झाला, आणि त्यांनी मूठ पिळली. काटा सहा हजारांवर आला, आणि त्या थांबल्या नाहीत. सात. आठ. इंजिनाचा आवाज बदलला. आतापर्यंत पुटपुटणारं कोणीतरी छाती भरून बोलायला लागलं. रस्ता आखडत आला. भीती वाटत होती, आणि त्या भीतीत वाटेकरी नव्हता. मोठ्याने त्या काहीतरी ओरडल्या. काय, ते त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही.

पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. मनगटं बधिर झाली होती, ती झटकली. गुडघे भाजून निघाले होते. खिशात फोन थरथरला. नवऱ्याचा मेसेज होता, एका ओळीचा : 'सीट कुठे ठेवू?'

रागावलेला असता तर त्याने लिहिलंच नसतं. शरण आला असता तर विचारलं नसतं. बाईंनी हातमोजा काढून, दुखऱ्या बोटांनी लिहिलं : 'कुठेही. मला लागणार नाही.'

पुलापर्यंत आणि परत, असं ठरलं होतं. त्यांनी गाडी सुरू केली आणि पूल ओलांडला.